चौथ्या भागातली दारामागची बाई

१

मी खेळांची परीक्षणं लिहितो. मैदानी नव्हे, व्हिडिओ गेमची. सासरे होते तोवर त्यांनी ही गोष्ट चारचौघांत कधी उघड केली नाही. जावई 'लिखाणाचं काहीतरी' करतात, एवढंच ते सांगायचे आणि विषय बदलायचे. पण काम ते कामच. सकाळचा चहा झाला की मी बैठकीच्या खोलीचे पडदे ओढतो, वही मांडीवर घेतो आणि खेळायला बसतो. पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारायची. डावीकडे जमेच्या बाजू, उजवीकडे उणिवा.

प्रत्येक भाग दोनदा खेळायचा हा माझा नियम आहे. पहिल्यांदा मनाला पटेल ते निवडायचं, दुसऱ्यांदा त्याच्या नेमकं उलट. दुसऱ्या खेपेत मी भल्याभल्यांना दगा दिलेला आहे. त्याशिवाय निवडीला खरंच काही किंमत आहे की नुसता देखावा, हे कळत नाही.

हा खेळ दर काही महिन्यांनी एकेका भागाने येतो. राजा नसलेलं एक राज्य, आणि त्यातून निरोप घेऊन फिरणारा एक निरोप्या. तो म्हणजे आपण. प्रत्येक वळणावर पडद्यावर दोन-तीन पर्याय येतात, त्यातला एक निवडायचा. चौथा भाग जवळजवळ सगळा एका बुरुजात घडतो. वर जाणारा गोल जिना, आणि टोकाला एक बंद दार. त्या दारामागे बुरूज राखणारी एक बाई आहे. ती दिसत नाही. आतूनच वाट सांगते, धोके सांगते, आणि तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे आपण ठरवायचं. शेवटी दोनच पर्याय उरतात: दार उघडा, किंवा निघून जा.

खेळ आपल्या भाषेत आणला गेला तेव्हा त्या बाईला आवाज माझ्या बायकोने दिला होता.

पहिली खेप संपल्यावर माझ्या वहीत डावीकडे लिहिलेलं होतं: 'जिन्याचं चित्रण अप्रतिम. थकवा पावलांच्या आवाजातून कळतो. दारामागच्या बाईचं काम फारच उत्तम (मी पक्षपाती आहे, पण तरी).' उजवीकडे: 'कुलपांची कोडी रेंगाळतात. काहीही निवडलं तरी शेवटी त्याच पुलावर आणून सोडतात.' आणि अगदी खाली, कोणत्या बाजूला घालावं ते न कळून, रेघेवरच लिहिलं होतं: 'तिसऱ्या मजल्यावर ती खाकरते.'

२

माझ्या बायकोला वाक्याआधी खाकरायची सवय होती. वीस वर्षं तिने डबिंग केलं, आणि वीस वर्षं आवाज टिपणारी मंडळी तिची खाकर कापत आली. त्यावरून तिला सगळे चिडवायचे. ती म्हणायची, "अरे, इंजिन सुरू केल्याशिवाय गाडी हलते का?" एवढी वर्षं तिची एकही खाकर कुठे ऐकू आली नव्हती. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर, बंद दारामागून ती अगदी स्वच्छ ऐकू आली तेव्हा मी खेळ थांबवला. कापायची राहून गेली असेल, असं मनाशी म्हटलं. माणसंच आहेत, होतं असं.

आठ महिन्यांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं. आता ती गळ्याशी ठेवलेल्या छिद्रातून श्वास घेते, त्यावर एक पातळ रुमाल बांधते. बोलता येत नाही. हातभर पांढरी पाटी आणि निळं मार्कर घेऊन ती घरभर फिरते, आणि खरं सांगायचं तर पाटीवर ती पहिल्यापेक्षा जास्त भांडते. लांबून हाक मारायची तर टाळी वाजवते. उपचारांत गेलेले केस आता बोटभर आले आहेत. पूर्वी तिची वेणी कमरेच्या खाली जायची.

खेळ चालू असताना ती या खोलीत येत नसे. तिने कारण लिहिलं नाही, मी विचारलं नाही.

जेवताना मी सहज विचारलं, "चौथ्या भागाची तुझी संहिता आहे का गं कुठे?"

तिने लिहिलं: 'कपाटात. वरचा खण. का?'

"एक वाक्य पडताळायचं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं. 'खोटं बोलता येत नाही तुला,' एवढं लिहून तिने पाटी पुसली.

३

दुसरी खेप दुसऱ्या दिवशी सुरू केली. नियमाप्रमाणे सगळं उलट. पहिल्यांदा दारामागच्या बाईवर विश्वास ठेवला होता, आता ठेवायचा नव्हता. तिने डावीकडे जा म्हटलं की मी उजवीकडे जायचं. बायकोचाच आवाज असल्यामुळे हे मला सवयीचं होतं.

चौथ्या मजल्यावर निरोप्या दम खायला थांबतो. तिथे कोणीच बोलत नाही, संहितेतही ते पान रिकामं आहे. वरून, टोकाच्या दाराच्या फटीतून थोडा उजेड येतो, बाहेर वारा असतो. मी वहीत काहीतरी खरडत होतो. तेवढ्यात आतून खाकरल्याचा आवाज आला, आणि मग ती म्हणाली, "झालं का?"

बुरूज राखणाऱ्या बाईचा आवाज असा नव्हता. ती जड, संथ बोलते. हा माझ्या बायकोचा घरचा आवाज होता. न्हाणीघराचं दार वाजवून विचारावं तसा.

खाली अक्षरं उमटली नाहीत. एरवी या खेळात दार करकरलं तरी खाली लिहून येतं. मी मागे जाऊन तेवढा भाग पुन्हा खेळलो, तर नुसता वारा. तिसऱ्यांदा खेळलो. नुसता वारा. चौथ्यांदा फटीतल्या उजेडात काहीतरी हललं आणि ती म्हणाली, "कोणी आहे का तिकडे?"

मी माणूस तसा हिशेबी डोक्याचा आहे. भुताखेतांच्या खेळांना मी हसत हसत दहापैकी चार देतो. त्यामुळे मी आधी कपाटातून संहिता काढली. तिच्या पेन्सिलीच्या खुणांसकट नव्वद पानं एकेक ओळ बोट ठेवून वाचली. दोन्ही वाक्यं कुठेच नव्हती. मग मला वाटलं, कंपनीने तिचा आवाज यंत्रात घालून नवी वाक्यं तयार करून घेतली असणार. या विचाराने मला इतका राग आला की भीती वाटायची राहूनच गेली. मी मामांना फोन लावला.

४

मामा म्हणजे डबिंगचे दिग्दर्शक. लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणतात.

"छे हो," ते म्हणाले. "यंत्रबिंत काही नाही. करारातच तसं लिहून घेतलंय. आणि यंत्र कशाला खाकरेल?"

"मग ही जास्तीची वाक्यं कुठून आली?"

"जास्तीचं काही नव्हतंच. 'जिना मोजून उतर' हे शेवटचं वाक्य. ते तिसऱ्यांदा घेतलं, उत्तम झालं, आणि तिला ठसका लागला. मग रुमालावर ते रक्त..." ते थांबले. "तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही दवाखान्यात होतातच. आम्ही तिला उचलूनच बाहेर आणलं."

मी संहिता मिटून बाजूला ठेवली.

"एक गोष्ट मात्र मला अजून खटकते बघा," मामा म्हणाले. "वेडेपणा आहे म्हणा. आमच्या त्या खोलीत बाहेरून आत बोलायचा माईक कधीचा बंद पडलाय. म्हणून काम संपलं की मी काचेवर दोनदा टकटक करतो. झालं, छान झालं, बाहेर या. तोवर कोणी हेडफोन काढत नाही, जागचं हलत नाही. शिस्तच आहे ती. आणि तुमची बायको तर शिस्तीची एकदम पक्की. त्या दिवशी मी टकटक केलीच नाही. राहूनच गेलं."

मग त्यांनी घसा साफ केला. "आणि अजून एक. कळवणारच होतो, धीर होत नव्हता. पाचव्या भागाला दुसऱ्या बाईंना घ्यावं लागलं. एका पात्राला दोन आवाज नकोत म्हणून कंपनीने मागचे चारही भाग त्यांच्याकडूनच पुन्हा करून घेतलेत. सोमवारी सकाळी अपडेट येईल. जुना आवाज काढून टाकणार आहेत. पूर्णपणे."

तो गुरुवार होता.

५

बायकोला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. ते शुक्रवारी दुपारपर्यंत टिकलं.

दुपारी ती झोपते. मी कानाला हेडफोन लावून चौथ्या मजल्यावर जाऊन उभा राहिलो होतो. बराच वेळ वारा होता, मग ती बोलली. "पाणी मिळेल का थोडं?" मग खोकला. कोरडा, लांबलेला, आतून काहीतरी खरवडल्यासारखा. मग पुन्हा, अगदी नम्रपणे, "घाई नाही. पण पाणी मिळालं तर बरं होईल."

मी समोरच्या पर्यायांवरून बोट फिरवलं. 'पुढे चला.' 'विश्रांती घ्या.' पाणी देण्याचा पर्याय नव्हता. मी थेट वर गेलो, 'दार उघडा' निवडलं. दार उघडलं, आणि पहिल्या खेपेत दिसली होती तीच खोली दिसली: रिकामी, मोडका चरखा, खिडकीत कावळा. खोकला त्या खोलीतून येत नव्हता. तिच्या भिंतीपलीकडून येत होता.

"अगं, कुठे आहेस तू?" मी म्हणालो. टीव्हीशी. मोठ्याने.

टाळी वाजली. बायको दारात उभी होती.

मी हेडफोनची वायर काढली. का काढली ते सांगता येणार नाही, बहुधा एकट्याने ऐकणं मला झेपत नव्हतं. खोलीभर तिचा खोकला भरला. ती हळूहळू पुढे आली, सोफ्याच्या हाताला धरून उभी राहिली. तिच्या गळ्यावरचा रुमाल आत-बाहेर होत होता. खोकला थांबेपर्यंत तिने ऐकलं. मग लिहिलं:

'हा त्याच दिवसाचा आहे. मला ओळखू येतो.'

मी तिला सगळं सांगितलं. खाकर, वाक्यं, मामांची टकटक, सोमवार. टकटकीचं ऐकल्यावर ती खाली बसली. मग तिने लिहिलं: 'दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा मला सारखं वाटत होतं, मी अजून तिथेच बसले आहे. डॉक्टर म्हणाले, औषधांमुळे.'

६

शनिवारी आम्ही भांडलो. बऱ्याच दिवसांनी कडाक्याचं भांडण झालं.

"मी इंटरनेटची वायरच काढून टाकतो," मी म्हणालो. "मग अपडेट येईल कसं? सोमवार आला काय आणि गेला काय. आवाज राहील."

'आणि ती?'

"ती कोण? आवाज आहे तो. ध्वनिमुद्रण आहे."

'मग काल दुपारी तिच्याशी काय बोलत होतास?'

चोरी पकडली गेली होती. आठ महिने घरात भांडी वाजत होती, टाळ्या वाजत होत्या, मार्कर करकरत होतं. सगळं ठीक होतं. ती जिवंत होती आणि मला दुसरं काही नको होतं, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. पण त्या दारामागून 'झालं का?' ऐकल्यापासून मला भूक लागल्यासारखं झालं होतं. ती खोकत होती, पाणी मागत होती, आणि मी पुन्हा पुन्हा मागे जाऊन तेच ऐकत होतो. कारण पाणी मागताना का होईना, ती बोलत होती.

हे मी तिला सांगितलं. सांगताना रडलो.

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग पाटी घेतली, आणि या वेळी अक्षर अगदी सावकाश काढलं. 'तिला अजून दुखतंय. माझं थांबलं. तिचं नाही.'

"सोमवारी पुसून टाकतील की. मग दुखायचं थांबेल."

'तिला कोणी सांगितल्याशिवाय ती हलायची नाही. पुसलं तरी. मी ओळखते तिला.'

त्या दिवशी आम्ही टीव्ही लावला नाही. तरी संध्याकाळी स्वयंपाक करताना आम्ही दोघंही मधूनमधून थांबत होतो. बैठकीच्या खोलीतून खोकल्याचा आवाज येतो असं मला वाटलं. तिला वाटलं का, हे मी विचारलं नाही.

७

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास ती बैठकीच्या खोलीत आली आणि तिनेच पडदे ओढले. मी खेळ लावला. बुरूज चढलो. ती माझ्या शेजारी बसली होती, तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. दारापाशी पोचलो तेव्हा पडद्यावर ते दोन पर्याय आले. दार उघडा. निघून जा. मी बटणावर बोट ठेवलं, तर तिने कंट्रोलर माझ्या हातातून काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

आम्ही वाट पाहिली. दाराच्या फटीतला उजेड पिवळट होता, टेबलावरच्या छोट्या दिव्याचा असावा तसा. असला दिवा त्या राज्यात कुठेच नाही.

खाकर आली. मग अगदी बारीक, सोललेला आवाज. "मामा? झालं का हो? आता नाही बोलवत."

बायको उठली. टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली, बोट वाकवलं, आणि काचेवर दोनदा टकटक केली.

काही झालं नाही. वाराही थांबला. मी उठणार होतो, तेवढ्यात आत खुर्ची सरकली. मग हेडफोन खुंटीला अडकवल्याचा आवाज. कागद नीट जुळवून टेबलावर आपटले, जसे ती आपटायची. मग जाड, कापूस भरलेलं दार उघडताना येतो तसा हवा सुटल्याचा आवाज. पडद्यावरचं बुरुजाचं दार मात्र बंदच होतं.

पावलं जिना उतरू लागली. एक, दोन, तीन. बायको परत येऊन माझ्याकडे तोंड करून समोर बसली, खाली, सतरंजीवर. पावलं उतरत होती. मी मोजत होतो, आणि मोजता मोजता कुठेतरी माझ्या लक्षात आलं की आवाज आता समोरून येत नाहीये. तो माझ्या पाठीमागच्या, घरातल्या बोळातून येत होता. दगडी जिन्याचा नव्हता. आमच्या फरशीचा होता.

मांजर असेल. आमच्याकडे मांजर नाही. शेजारच्यांचा असेल, भिंती पातळ आहेत. मी सगळं म्हणून पाहिलं.

स्वयंपाकघरात नळ सुरू झाला. पेला भरला. कोणीतरी पाणी प्यायलं, घटाघटा, मध्ये दम घेत, पुन्हा घटाघटा. दुसरा पेला भरला. ते ऐकताना मला भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं. नळ बंद झाला.

मग पावलं खोलीत आली आणि माझ्या सोफ्यामागे थांबली.

मी वळणारच होतो. बायकोने दोन्ही हातांनी माझे गाल धरले. घट्ट, नखं रुतेपर्यंत. माझं तोंड तिने स्वतःकडे ओढून धरलं, पण तिची नजर माझ्या खांद्यावरून वर गेली आणि तिथेच राहिली. तिचे ओठ हलले. ती मला काही सांगत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसती माया होती, आजारी पोराकडे बघताना असते तशी. मी डोळे जमतील तेवढे वळवले. सोफ्याच्या पाठीवर, माझ्या खांद्याशी, वेणीचं टोक होतं. काळं, जाड, रबर बांधलेलं. ते हळूच उचललं गेलं.

किती वेळ गेला माहीत नाही. तिने हात काढले तेव्हा टीव्हीवर नुसता वारा होता.

सोमवारी अपडेट आलं. नव्या बाईंचं काम चांगलं आहे. आवाज तरुण आहे, जड वाक्यंही त्या सहज पेलतात. मी ते डावीकडे लिहिलं, प्रामाणिकपणे. निवडींना फारशी किंमत नाही हे उजवीकडे ठेवलं. परीक्षण पाठवून दिलं.

दुपारी मी बायकोला विचारलं, "काय म्हणालीस तिला?"

'छान झालं म्हटलं. आता जा म्हटलं.'

"आणि मला का धरून ठेवलंस? मला फक्त बघायचं होतं."

तिने मार्करचं टोपण काढलं. मग लिहिलं आणि पाटी माझ्यासमोर धरली.

'तू तिला थांब म्हणाला असतास.'

म्हणालो असतो.